चालू घड्याळाला बंद म्हणणारा

घड्याळप्रेमी मित्रांनो, आपल्याच ग्रुपमधल्या एका सदस्याची आज मला किळस आली.

सकाळी तुमसरला शांताबाईंच्या भंगार दुकानात हे महाशय भेटले. त्यांनी एका जुन्या मनगटी घड्याळाला गुपचूप चावी दिली, कानाला लावलं आणि हसले. मग बाईंना म्हणाले, "बंद आहे. पन्नास घ्या."

मी ते घड्याळ शांताबाईंच्या कानाला लावलं. "चालू आहे, बाई. दोन हजाराच्या खाली देऊ नका."

"दोन हजार देतो," महाशय लगेच म्हणाले.

बाईंनी घड्याळ गल्ल्यात ठेवलं. "आता तुमाले नाई देत. खोटं कायले बोलले?"

जाताना ते मलाच म्हणाले, "तुम्ही धंदा खराब करता."

भंगारवाल्यांना फसवून आणलेल्या घड्याळांचे फोटो इथे मिरवणाऱ्यांनो, ती मनगटावर बांधताना तुम्हाला काहीच वाटत नाही?