सुयश सरवदे करिता

इंदापूरच्या तहसील कचेरीत गंगाराम सरवदे यांनी चौतीस वर्षं टंकलेखक म्हणून काढली. वारसाच्या नोंदी, जमिनींचे आदेश, टंचाईचे अहवाल, सगळं त्यांच्या बोटांखालून गेलं. प्रत्येक कागदाच्या शेवटी उजव्या अंगाला ते चार ओळींची जागा मोकळी सोडत. ती साहेबांच्या सहीची जागा. साहेब दौऱ्यावर असले की नायब तहसीलदार तिथं सही करायचे आणि गंगाराम त्याखाली टाईप करायचे, ‘तहसीलदार, इंदापूर करिता’. त्या जागेत त्यांची स्वतःची सही कधी पडली नाही आणि त्याचं त्यांना वाईटही वाटलं नाही. ज्याचा अधिकार, त्याची सही. साहेबांचा ड्रॉवर चुकून उघडा राहिला तर शिपायाला हाक मारून, त्याच्यादेखत ते तो बंद करत.

अशा माणसाच्या घरात, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, अधिकाराचाच प्रश्न उभा राहिला.

मुलगा सुयश जाऊन दीड वर्ष झालं होतं. बारामतीच्या दवाखान्यात बावीस दिवस काढून, वयाच्या चाळिशीत तो गेला. मागं राहिली बायको मेघना, ती सरकारी दवाखान्यात परिचारिका, मुलगी पिंकी, आणि बाहेरच्या खोलीत, बुद्धमूर्तीच्या फळीखाली, त्याचा कॉम्प्युटर. पिंकी नववीत असताना त्यानं त्यावर एक सॉफ्टवेअर टाकलं होतं. पिंकीच्या खात्यात तासभर काम झालं की पडदा बंद. मग उद्याच.

आता पिंकी बारावीत होती. बारामतीच्या एका क्लासची सराव परीक्षा रविवारी होती, घरूनच, कॅमेऱ्यासमोर, तीन तासांची. मोबाईलवर ती चालत नव्हती. पहिल्या वीस मुलांना क्लास फुकट शिकवणार होता, आणि पिंकीला त्या विसांत यायचं होतं. कॉम्प्युटर मात्र तासाभरात मिटत होता. सॉफ्टवेअर काढायला गेलं की पडद्यावर चौकट यायची. सुयशचं नाव, आणि खाली पासवर्डची रिकामी पट्टी.

“हे काढायला अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे अधिकार लागतात आबा,” पिंकी म्हणाली. “ते फक्त पप्पांच्या खात्याला आहेत.”

“अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हंजी प्रशासक. ग्रामपंचायतीवर नेमत्यात तसा.”

“तसाच.”

“मग प्रशासक बदलला की पदभार दुसऱ्याला देऊन जातो.” गंगाराम चौकटीकडं बघत राहिले. “ह्यो पदभार न देताच गेला.”

मेघना स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. तिचा हात थांबला, आणि मग पुन्हा सुरू झाला.

बसस्थानकाजवळच्या दुकानातला रविराज येऊन कॉम्प्युटर बघून गेला. म्हणाला, “भाऊसाहेब, नुसता पासवर्ड असता तर मी तोडला असता. पण सुयशदादांनी डिस्कलाच कुलूप लावलंय. लई शिस्तीचा माणूस. कुणावर गेलते कुणास ठाऊक.”

“पुढं बोल.”

“समदं पुसून नव्यानं टाकावं लागंल. अर्ध्या तासाचं काम हाय. पण आतलं काय बी राहणार न्हाय.”

आत काय होतं ते घरात कुणालाच माहीत नव्हतं. म्हणूनच ‘पुसून टाक’ म्हणायला कुणाची जीभ उचलेना. अखेर मेघनाच म्हणाली, “मामा, शनिवारपर्यंत बघू. नाहीतर पुसा. तिचं वर्ष मोठं आहे.” एवढं बोलून ती ड्युटीला गेली. गंगारामांना कळलं, की हे बोलायला तिला किती जड गेलं असेल.

“आता पप्पांना अर्जच करा,” पिंकी चिडून म्हणाली होती. गंगारामांनी खरोखरच कोरा कागद घेतला. प्रति, सुयश गंगाराम सरवदे, प्रशासक. विषय, आपल्या अखत्यारीतील संगणकावरील वेळमर्यादेचे सॉफ्टवेअर काढून टाकण्यास परवानगी मिळणेबाबत. खाली कारण लिहिलं, कुमारी पिंकी हिची परीक्षा. अर्जदार म्हणून डावीकडं सही केली आणि उजवीकडं चार ओळी मोकळ्या सोडल्या. पिंकीला हसू आलं. मग आजोबांचा चेहरा बघून तिनं ते आवरलं. परवानगीवाचून मुलाच्या खात्यात हात घालायचा, हे त्यांच्या मनाला लागलं होतं. कागद लिहून बुद्धमूर्तीच्या फळीवर ठेवल्यावर तेवढं हलकं वाटलं.

मग ते पासवर्ड शोधायला बसले. पिंकीची जन्मतारीख टाकली, लग्नाची टाकली. धम्मदीक्षेची तारीख टाकली, जी या घरात पोरांना पाढ्यांच्या आधी यायची. भिगवणच्या अलीकडं धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या त्यांच्या गावाचं नाव टाकलं. पाच चुका झाल्या की चौकट दहा मिनिटं रुसायची. गंगाराम प्रत्येक प्रयत्न वहीत लिहीत आणि समोर ‘नामंजूर’ असा शेरा मारत. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत पान भरलं.

शनिवारी दुपारी रविराज यायचा होता. सकाळी गंगारामांनी सहज विचारलं, “पिंके, तुजा बाप ह्यो पासवर्ड टाकताना तू कधी बघितला?”

“रोज बघायचे. पण काही दिसायचं नाही, नुसते ठिपके. आणि पप्पा कीबोर्डकडं बघायचेच नाहीत. भिंतीकडं बघत टाकायचे.”

“भिंतीकडं?”

“हो. आणि असं वाजवायचे.” तिनं टेबलावर बोटं आपटली. दोन टकटक आणि अंगठ्याचा एक ठोका. पुन्हा दोन, अंगठा. मग तीन, अंगठा. शेवटी तीन. सगळे ठोके सारख्या अंतरावर. “मी पण जेवताना वाजवायचे. आई ओरडायची.”

“पुन्यांदा वाजव.”

तिनं पुन्हा वाजवलं. कचेरीत चार यंत्रं एकदम चालू असताना कुणाचं बोट अडखळलं, ते गंगाराम नुसत्या कानानं ओळखत. हा आवाज तर त्यांनीच सुयशला शिकवला होता. एकाहत्तर साली बारामतीच्या टायपिंग क्लासात मास्तरांनी त्यांच्या हातांवर फडकं टाकलं होतं आणि सांगितलं होतं, भिंतीकडं बघ, अक्षर बोटाला ठाऊक पाहिजे. मराठी यंत्राच्या मधल्या ओळीवर बोटं ठेवून पहिल्याच दिवशी गिरवायचे ते शब्द: कर, सर, हार, सार. काना म्हणजे वेगळी कळ, म्हणून शेवटच्या दोन शब्दांना तीन-तीन ठोके, आणि दोन शब्दांमधली जागा अंगठ्यानं. सुयश दहावीला असताना गंगारामांनी त्याला जुन्या यंत्रापुढं बसवून, हातांवर धोतराचा तुकडा टाकून, तेच शब्द महिनाभर गिरवून घेतले होते.

आणि त्यांना आणखी एक गोष्ट आठवली. दवाखान्यातल्या शेवटच्या दिवसांत सुयशची बोटं चादरीवर हलत होती. दोन, अंगठा, दोन, अंगठा. तापानं हात थरथरतोय असं समजून गंगारामांनी त्यावर आपला तळहात ठेवला होता, तो स्थिर होईपर्यंत. त्या थरथरण्याचं माप त्यांच्या तळव्याला आज दीड वर्षानं कळलं.

तो तळवा ते उलटासुलटा करून बघत राहिले.

“आबा, पाणी देऊ?”

“नगं. सरक जरा.”

कळांवर इंग्रजी अक्षरं होती. ती बघायची नव्हतीच. बोटं मधल्या ओळीवर ठेवून त्यांनी मान वर केली, भिंतीकडं बघितलं आणि जुन्या यंत्रावर टाकावेत तसे चार शब्द टाकले. पट्टीत ठिपके उमटत गेले. चौकट मिटली.

नेमकी तेव्हाच मेघना ड्युटीवरून आली आणि दारातच उभी राहिली. पडद्यावर मराठीत प्रश्न आला होता, हा प्रोग्राम काढून टाकायचा आहे का? पिंकीनं आजोबांकडं बघितलं. आजोबांनी सुनेकडं.

“काढा,” मेघना म्हणाली.

पिंकीनं ‘होय’ दाबलं. हिरवी पट्टी भरत गेली. पोरीवर बापाचा एवढाच धाक उरला होता. तोही निघून गेला. पिंकीनं डोळे पुसले, पण पट्टीवरून नजर काढली नाही.

“आता पप्पांचं खातं पण उघडेल,” ती म्हणाली. “आत बघायचं?”

“आज अर्जापुरतंच,” गंगाराम म्हणाले. “बाकीचं तुजी आई बघंल, तिला वाटंल तवा.”

“मग तुमचं नवं खातं काढून अधिकार त्याला देते. पुन्हा अडायला नको.”

“मला कशाला? पदभार कारकुनाकडं देत न्हाईत. आईच्या नावानं काढ.”

मेघना खुर्ची ओढून पिंकीशेजारी बसली. “सांग, काय दाबायचं,” ती म्हणाली. पिशवी तिच्या खांद्यालाच होती.

गंगारामांनी रविराजला फोन करून येऊ नको म्हणून सांगितलं. मग फळीवरचा अर्ज खाली घेतला. वर ‘मंजूर’ असं लिहिलं, तारीख टाकली. उजवीकडची चार ओळींची जागा तशीच मोकळी होती. तिथं त्यांनी सावकाश, सगळी अक्षरं काढून, स्वतःची सही केली आणि खाली लिहिलं, ‘सुयश गंगाराम सरवदे करिता’.