बोईसरला जॅझ बघायला

आमच्या अकरावीतल्या ईशाला सॅक्सोफोन शिकायचाय. तिने हे सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, "लग्नात वाजवतात ते?" मी पुरोगामी बाप. नाही म्हणणं माझ्या तत्त्वात बसत नाही, म्हणून मी विषय पुढे ढकलतो. त्याच आठवड्यात बोईसरला जॅझवरच्या चित्रांचं प्रदर्शन असल्याचं कळलं. म्हटलं, आधी चित्रं तर बघू.

ठाण्याहून सहाला निघालात तर घोडबंदरचा ताप वाचतो. आम्ही आठला निघालो. मनोरला मिसळ खाल्ली आणि चिल्हार फाट्यावरून बोईसरकडे वळलो. कारखान्यांच्या ट्रकांमागे खड्डे चुकवायच्या भानगडीत पडू नका, एक चुकवला की दुसरा तयार असतो.

हॉलच्या दारात लाल कोटातले गणपत मास्तर प्रमुख पाहुण्यांसाठी सॅक्सोफोन वाजवत होते. पाहुणे आत शिरताच एक कार्यकर्ता म्हणाला, "मास्तर, बस झालं. आता भाषण हाय."

चित्रं सामंतबाईंची, निवृत्त चित्रकला शिक्षिका. पहिल्या चित्रात जॅझवाले हॉटेलच्या मागच्या दाराने आत शिरताहेत, शेवटच्यात रेशमी साड्या त्यांना उभं राहून दाद देताहेत. प्रवेश मोफत, पण पाहुण्यांचं भाषण ऐकावं लागतं. समाज आता कलावंताला मान देतो, हे त्यांनी अर्धा तास सांगितलं. तेवढा वेळ मास्तर बाजूच्या दारात कागदी कपातला चहा पीत उभे होते.

ईशा सगळ्यात मोठ्या चित्रापुढे थबकली. "बाबा, हात उलटे आहेत. डावा वर पाहिजे."

मी तिला दटावलं.

"बरोबर बोलली पोर," मागून मास्तर म्हणाले. "तो मीच हाय. फोटो उलटा आलेला, त्याच्यावरून काढलंय. बाईंना सांगितलं तर बोलल्या, हात कोण बघतंय?" मग ईशाकडे वळून म्हणाले, "तू कोणाकडं शिकते?"

"कोणाकडेच नाही. फोनवर बघते."

"मग रविवारी वाणगावला ये. माझ्या पोरीला शिकवणार होतो. लग्न ठरलं तवा तीच बोलली, बापूस बँडवाला हाय ते सासरी सांगू नका."

त्या मुलीचा मला भयंकर राग आला. मी मास्तरांचा नंबर घेतला. नंबर घेणं म्हणजे होकार नव्हे, हे कुठल्याही बापाला माहीत असतं.

येताना वाकडी वाट करून केळव्याला जेवलो. इथल्या खानावळीत आधी फोन करून सांगावं, म्हणजे पोफळीच्या सावलीत जागा मिळते. ईशाने ताटातल्या माशाला हात लावला नाही.

"बाबा, भाषणाला सगळ्यात जास्त टाळ्या तू वाजवल्यास."

मला खरंच लाज वाटली. बोंबील मात्र उत्तम होते.

आता दर रविवारी आम्ही वाणगावला जातो. पहिला महिना मास्तरांनी तिला नुसतं फुंकायला लावलं. आता तीन सूर येतात, त्यातला एक मला आवडतो. ती वाजवताना मास्तर डोळे मिटून बसतात आणि मला वाटतं, आपण उगाच घाबरत होतो.

सोसायटीत कुणी विचारलं, दर रविवारी कुठे जाता, तर मी सांगतो, केळव्याला. हवा छान असते. मास्तरांच्या मुलीला मी मनातल्या मनात बरीच नावं ठेवली होती. ती सगळी मागे घेतली आहेत.