खळगा पुढे

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, आणि ज्यांना इतकी वर्षं शरीररचनाशास्त्र शिकवते त्या विद्यार्थ्यांना तर नाहीच.

विद्यार्थ्यांना मी एक पद्धत सांगते. हाड आधी हातात घ्या. स्वतःच्या शरीराशेजारी धरा, डावं की उजवं ते ठरवा, मगच नावं पाठ करा. आणि जे आलं ते दुसऱ्याला शिकवून पाहा. पद्धत चांगली आहे. दोन हजार चार साली मीही अशीच शिकले — माझ्या वर्गातल्या वंदनाला शिकवून.

वंदना विठ्ठलवाडीच्या चाळीत राहायची. वडील आनंदनगरच्या कारखान्यात. ते पहिल्या पाळीला गेले की खोली आमची. "ओ मास्तरीणबाई, आज कुठलं हाड मोडायचं?" म्हणत ती सतरंजी पसरायची. हाडांचा संच माझा, पण ठेवलेला तिच्याकडे. प्रत्येक हाडाला मी दोऱ्याने चिठ्ठी बांधली होती. पहिल्याच वर्षी नापास झाली तर घरचे तिचं कॉलेज बंद करणार होते. हे मला माहीत होतं — नीट माहीत होतं.

फिब्युला म्हणजे पोटरीतलं बारीक हाड. त्याच्या खालच्या टोकाला एक खळगा असतो. तो पुढे धरायचा की मागे, यावर डावं-उजवं ठरतं. मला आठवेना. "बघून सांगते" — एवढं म्हणणं इतकं जड का होतं? मी चिठ्ठीवर ठळक अक्षरांत लिहिलं: खळगा पुढे.

तोंडी परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी पुस्तकात दिसलं — मागे.

सकाळी परीक्षेच्या खोलीबाहेर ती माझ्याच बाकावर बसली होती, डोळे मिटून पुटपुटत. "फिब्युला, खळगा पुढे." मी ऐकलं. दोनदा ऐकलं. तिचा नंबर पुकारायला दहा मिनिटं तरी होती. एक शब्द पुरला नसता का? मी केसांची पिन नीट केली.

तिला फिब्युलाच आलं. पहिलंच हाड चुकलं, आणि पुढची येत असूनही तिला बोलता आली नाहीत. बाहेर येऊन म्हणाली, "अगं, उलटं झालं. सर विचारत होते, कुणी शिकवलं? तुझं नाव नाही घेतलं हां. पण तू पुढेच म्हणाली होतीस ना?"

"मागेच म्हणाले होते," मी म्हटलं. "तू नीट ऐकतच नाहीस."

ती म्हणाली, "हो गं. माझंच डोकं दगड."

हेच ते. चूक नव्हे — माझं ते ‘मागेच म्हणाले होते’.

ती नापास झाली. निकालानंतर हाडांची पेटी परत द्यायला आली. चहा घेतला नाही. ती गेल्यावर मी पेटी उघडली. हाडं स्वच्छ पुसलेली, सगळ्या चिठ्ठ्या जागच्या जागी. एकच तेवढी सोडवून सर्वांत वर ठेवलेली: खळगा पुढे.

फिब्युलाचा तास दर वर्षी मीच घेते. फळ्यावर ठळक लिहिते: खळगा मागे. अक्षर तेच आहे.