मळका स्पंज आणि नऊ मासे

समजा, तुम्हाला घरात गोल्डफिश ठेवायचे आहेत. तुम्ही काचेची टाकी आणलीत, वाळू पाणी नितळ येईपर्यंत धुतलीत, टाकी भरलीत, पाण्यातलं क्लोरीन मारायचे थेंब टाकलेत, फिल्टर सुरू केलात. टाकी झकास दिसते आहे. आता मासे सोडाल? सोडा. थोड्याच दिवसांत पोट वर करून तरंगतील. मासा राहतो त्याच पाण्यात घाण करतो आणि ती घाण फस्त करणारे जिवाणू नव्या टाकीत नसतात. त्यांची वस्ती जमायला महिना जातो. तेवढा महिना पुण्याच्या खराडीत कुणाकडे नसतो, असं मच्छिंद्रचं मत आहे.

मच्छिंद्र मूळचा खराडी गावातला. त्याच्या बापाची ज्वारी उभी राहायची तिथे आता काचेच्या भिंतींचं ऑफिस उभं आहे आणि रस्त्यापलीकडे मच्छिंद्रचं माशांचं दुकान. गिऱ्हाइकं बहुतेक त्याच ऑफिसातली. रात्री जेवताना तो बायकोला, विजयमालाला, त्यांच्या कथा सांगतो. एकीने थंडीत माशांना ऊब मिळावी म्हणून टाकीत गीझरचं पाणी ओतलं. एक जण दिवाळीला गावी जाताना घरातली सगळी बटणं बंद करून गेला आणि परत आल्यावर त्याने मच्छिंद्रलाच विचारलं, की मासे आधीपासूनच आजारी होते का.

“ह्यांना कॉम्प्युटर कळतो, पाणी कळत न्हाई,” हे त्याचं वाक्य विजयमालाला पाठ आहे.

म्हणून विश्वजीत आला तेव्हा मच्छिंद्रने आधी मान वरच केली नाही. अमरावतीचा, तिशीतला, गळ्यात ऑफिसचा पट्टा. चौदाव्या मजल्यावर फ्लॅट घेतलेला, पुढच्या महिन्यात वास्तुशांत. वास्तुवाल्याने ईशान्य कोपऱ्यात टाकी सांगितली होती. आठ मासे सोनेरी आणि एक काळा. मच्छिंद्रने नेहमीप्रमाणे महिन्याची अट घातली आणि वाद ऐकायची तयारी ठेवली. विश्वजीत म्हणाला, “प्रोसेस असेल तर फॉलो करू ना, भाऊ.”

असं गिऱ्हाईक दुकानाच्या चौदा वर्षांत पहिलंच. मच्छिंद्र इतका खूश झाला, की कधीच विकणार नाही असं ठरवलेला आपला काळा मासाही त्याने कबूल केला. पाच वर्षांचा, बटाट्याएवढा, बाहेर आलेल्या डोळ्यांचा. दुकानाचं शटर वर गेलं, की तो काचेशी येऊन थांबायचा.

टाकी बसवताना मच्छिंद्रने दुकानातल्या जुन्या टाकीचा एक बुळबुळीत, तपकिरी स्पंज आणून नव्या फिल्टरमध्ये घातला. दुधाला विरजण लावतात तसं. सगळे जिवाणू त्याच स्पंजात होते. फिल्टरच्या झाकणावर त्याने पेनाने लिहून कागद चिकटवला: ‘स्पंज धुऊ नये’. मासे नसले तरी जिवाणूंना खायला हवं, म्हणून विश्वजीत रोज माशांच्या खाद्याचे दोन दाणे टाकायचा, पाण्याची तपासणी करून त्याचा फोटो पाठवायचा. मच्छिंद्र ते फोटो विजयमालाला दाखवायचा.

वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी तो मासे घेऊन गेला. माशांच्या पिशव्या टाकीत तरंगत ठेवल्या, म्हणजे दोन्हीकडचं पाणी सारखं गार होईल, आणि सवयीने फिल्टरचं झाकण उघडलं. आतून लिंबाचा वास आला. स्पंज निळाशार होता. मच्छिंद्रला त्याचा मूळ रंगही आठवत नव्हता, तो आता दिसत होता.

त्याने एकेक पिशवी बाहेर काढली.

“गुरुजी टाकीची पूजा करणार आहेत ना उद्या,” विश्वजीत म्हणाला. “समोर देवघर. आतमध्ये इतकी घाण बरी नाही वाटत. थोडंसं भांड्यांचं लिक्विड लावलं, बस.”

पाणी तर दिसायला स्वच्छच होतं, म्हणून त्याने तोडगाही काढला: मासे फक्त उद्यापुरते सोडायचे, सोमवारी मच्छिंद्रने घेऊन जायचे. शंभर पाहुणे येणार होते. नुसती टाकी कशी दाखवायची?

मच्छिंद्र काळ्या माशाची पिशवी हातात धरून उभा होता. “साहेब,” तो म्हणाला, “पावणे जेवून जाईस्तवर तुमी संडासात बसा. दार लावून, पाणी न टाकता. बसलात, तर मीबी मासे सोडतो.”

चहा घेऊन आलेली विश्वजीतची बायको, अक्षता, हसू दाबत तशीच आत वळली.

शेवटी मच्छिंद्रने दुकानातला निळा टब, दुकानातलंच पाणी आणि हवेचा पंप आणून ईशान्य कोपऱ्यात मांडला. रविवारी दिवसभर तो टबाशेजारी स्टूल टाकून बसला होता. गुरुजी हळदकुंकू पाण्यात सोडायला लागले तेव्हा त्याने टबावर हात आडवा धरला आणि हळदकुंकवाची बोटं टबाच्या कडेला बाहेरून लावून घेतली. पोरं टबाभोवती पालथी पडून काळा मासा बघत होती. रोषणाई केलेल्या रिकाम्या टाकीकडे कुणी फिरकलं नाही. अमरावतीच्या एका मावशींनी तेवढं विचारलं, की हा नव्या पद्धतीचा टीव्ही आहे का.

संध्याकाळी नऊच्या नऊ मासे जिवंत दुकानात परतले. काळा काचेशी येऊन थांबला. मच्छिंद्रने नवा स्पंज जुन्या टाकीत मुरायला टाकला, पुन्हा महिना. या वेळी तो अक्षतावहिनींच्या हातात द्यायचा, हे त्याने ठरवून टाकलं. काळा मात्र आता कुणालाच नाही.

फिल्टरच्या झाकणावरचा कागद तो सोलून घेऊन आला होता. पण हा त्याने पेनाने लिहिलेला कागद नव्हता. तो स्पंज धुताना भिजला, म्हणून विश्वजीतने नवा छापून, प्लॅस्टिकमध्ये घालून, सरळ रेषेत चिकटवला होता. कामाच्या मावशी चुकून धुतील म्हणून. ठळक, सुबक अक्षरात: ‘स्पंज धुऊ नये’.

विजयमालाने तो वाचला आणि पदर तोंडाला लावला. मच्छिंद्र हसला नाही. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं: धुतलेला स्पंज शेजारी निथळत असताना हे तीन शब्द टाइप करणाऱ्या माणसाच्या डोक्यात नेमकं काय चाललं असेल?