शेवटचा रकाना

पोलिसांच्या दप्तरात आपल्या घराण्याचं नाव निघू नये म्हणून माणसं देव पाण्यात ठेवतात. आमच्या घराण्याचं नाव तिथे निघावं म्हणून बाबांनी मला नवी टोपी घेऊन दिली होती.

तेव्हा मी मॅट्रिकला दुसऱ्यांदा नापास होऊन गिरीज गावातल्या आमच्या वाडीत केळीला पाणी लावत होतो. नवं मराठी राज्य येऊन पाचेक वर्षं झाली असतील. वाडीत दोन घरं, एक आमचं आणि एक काकांचं. मधे विहीर, विहिरीवर रहाट आणि रहाटाला बैल. आजोबांनी वाटणी करताना जमीन, झाडं, भांडी, सगळ्याचे दोन भाग केले. विहिरीचे आणि बैलाचे होईनात, म्हणून ते सामायिक राहिले. चर्चच्या दुपारच्या घंटेपर्यंतचं पाणी आमचं, त्यानंतरचं काकांचं.

बाबा आणि काका सख्खे भाऊ, पण कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. बोलायचं असलंच तर बैलाशी बोलत.

"बैला, सांग त्याला, घंटा झाली. आता रहाट सोड म्हणावं," काका म्हणायचे.

"बैला, तूच सांग, माझे कान शाबूत आहेत. घंटा झाली की सोडीन. नाहीतर स्वतःलाच जुंपून घे म्हणावं, तुला तेवढीच विश्रांती."

डोळ्यांवर झापड बांधलेला बैल गोल फिरत राहायचा. आमच्या घरात एवढा समंजस जीव दुसरा नव्हता, आणि हे मी स्वतःला धरून म्हणतो. भांडण पाण्याच्या पाळीवरून आहे, अशी माझी समजूत होती. निम्मी बरोबर होती. परीक्षेतही माझं तसंच व्हायचं.

त्या वर्षी काका ग्रामपंचायतीला उभे राहिले. त्यांच्याजवळ भांडवल एकच, बेचाळीस साली झालेली अटक. मुंबईला न्यायच्या केळ्यांच्या टोपलीत, केळ्यांखाली, सरकारविरुद्धची पत्रकं होती आणि स्टेशनावर पोलिसांनी त्यांना धरलं, अशी ती हकीकत. मी लहान असताना तिच्यात एका रात्रीची कोठडी होती. मी मॅट्रिकला पोचेपर्यंत पंधरा दिवसांची झाली. माडावरून पडून आलेलं लंगडणं तिच्यात लाठीमाराचं झालं. लोक ऐकत, माना डोलवत. मत द्यायलाही तयार होते.

त्याचं बाबांना एवढं वाटलं नसतं. पण काकांनी जाहीर करून टाकलं की निवडून आलो तर विहिरीकडची वाकडी वाट सरळ करीन. ती सरळ झाली की आमच्या केळीच्या दोन ओळी जाणार, विहिरीलगतच्या, सगळ्यात भरलेल्या. वाट वाकडी कशामुळे आहे ते गावाला माहीत होतं. त्या दोन ओळींना वळसा घालूनच ती जायची.

"पत्रकं नव्हती," बाबा जेवताना म्हणाले. "तांदूळ होते."

"तुम्हाला काय माहीत?"

"मला माहीत आहे. तू तालुक्याला जा आणि अटकेच्या कागदाची नक्कल काढून आण. तुला मोडी येते ना?"

येत होती. गणित, इंग्रजी, भूगोल या सगळ्यांनी मला सोडलं होतं, एक मोडी तेवढी टिकून होती. माझी वर्षं शाळेत वाया गेली नाहीत, असं बाबांच्या तोंडून मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. शेवटचंही तेच.

सकाळी टोपी घालून निघालो तर काका कुंपणापाशी केळीची सुकी पानं काढत होते.

"बैला, बघ, मास्तर निघाले," ते म्हणाले. बैल तिकडे विहिरीवर होता, पण काकांना त्याची अडचण नसे. "टोपी नवी दिसते. तिसऱ्यांदा नापास व्हायला जातात की काय?"

माझे कान तापले. तोवर मी बाबांचं काम करायला निघालो होतो. तालुक्याच्या होळी नावाच्या बाजारातून पुढे गेलो तो माझ्या स्वतःच्या कामाला. काकांचं तोंड गावासमोर कसं उतरेल, मी कागद कसा हळूहळू उलगडीन, आणि 'वाचू का, काका?' हे कोणत्या आवाजात म्हणेन, याची तालीम करतच मी पोलीस ठाण्यात शिरलो.

जमादार पान लावत बसले होते.

"कोन रे तू? आरोपी का फिर्यादी?"

"कोणीच नाही. मला नक्कल हवी आहे. माझ्या काकांच्या अटकेची."

"काका मेले?"

"नाही. निवडणुकीला उभे आहेत."

"मंग सोता का नाय आले?"

"आमचं बोलणं नाही."

जमादारांनी पान तोंडात सारलं आणि मला टोपीपासून पायापर्यंत न्याहाळलं. "बोलनं नाय आनि कागद पायजे. म्हंजे चौकट करून भिंतीला लावनार नायस. ते बघ, त्या कोपऱ्यात जुनी रजिस्टरं हायेत, मोडीतली. नव्या कारकुनाला वाचता येत नाय, मला येतं पन येळ नाय. बस आनि शोध. पान फाटलं तर तुझ्याच नावाचं नवीन पान लिहीन."

मी जमिनीवर बसलो. खरं सांगायचं तर पहिले दोन तास मी काकांना शोधलंच नाही. ओळखीची इतकी माणसं भेटत गेली! पत्ते खेळताना धरलेले, दुसऱ्याच्या वाडीत म्हैस सोडणारे, गावजेवणात पहिल्या पंगतीचा मान मागणारे एक गृहस्थ तर नारळांसकट सापडले. आमचे गणिताचे मास्तर सायकलला दिवा नसल्याबद्दल दोनदा निघाले. मीही त्यांच्या विषयात दोनदाच नापास झालो होतो. मला फार बरं वाटलं. एवढ्या आवडीने मी आयुष्यात दुसरं पुस्तक वाचलेलं नाही.

मग काका सापडले. साल बेचाळीस नव्हतंच. युद्धाच्या शेवटी रेशनिंग होतं, परवान्याशिवाय मुंबईत तांदूळ नेणं गुन्हा होता, त्या दिवसांतली नोंद होती. मी ओरडलोच.

"गावला काका?" जमादारांनी विचारलं. "वाच मोठ्यानं. माझाबी येळ जाईल."

मी मांडी सावरली आणि कीर्तनकाराच्या आवाजात सुरुवात केली. आरोपी गिरीजचा, बागाईतदार. केळ्यांच्या टोपलीच्या तळाशी फडक्यात बांधलेला तांदूळ, विनापरवाना. स्टेशनावर पकडला. एक रात्र कोठडी, दुसऱ्या दिवशी दंड भरून सुटका. राहिला होता शेवटचा रकाना, खबर देणाराचा. त्यातले पहिले दोन शब्द मी मनात वाचले आणि थांबलो.

"वाच ना. घसा बसला?"

"अक्षर लागत नाही."

जमादार उठले, चष्मा लावला आणि माझ्या खांद्यावरून वाकले. त्यांना मोडी खरंच येत होती. "'आरोपीचा सख्खा भाऊ,'" त्यांनी वाचलं. "खाली सही."

सही मला वाचावी लागली नाही. शेवटच्या अक्षरातून खाली ओढलेली, केळ्यासारखी वाकलेली ती रेघ माझ्या सगळ्या प्रगतिपुस्तकांवर होती.

"काकाचा भाऊ, म्हंजे तुजा बाप."

"हो."

"त्यानंच धाडला तुला?"

"हो."

जमादार पहिल्यांदाच जरा मऊ आवाजात बोलले. "नक्कल कदी पायजे?"

"नको."

"नको? सकाळधरनं माजी जागा अडवून बसलास आनि आता नको? नीघ हितनं! टोपी घालून आलाय मोटा!"

परत चालताना ती टोपी मी हातात धरली होती. सकाळची तालीम आठवत होती. 'वाचू का, काका?' वाचायला आता काकांपेक्षा बाबांचीच गोष्ट मोठी होती. त्या कागदाने काकांची मतं जातील, पण गावात तोंड दाखवणं बाबांना जड होईल. भावाला पोलिसांच्या हाती देणाऱ्याच्या विहिरीवर कोण पाणी पितो?

वाडीत पोचलो तेव्हा दुपारची घंटा व्हायची होती. बाबा रहाट हाकत होते आणि काका पाळीची वाट बघत दगडावर बसले होते. मला बघताच बाबांनी मुद्दाम आवाज चढवला.

"सापडलं?"

"सापडलं. बाबा, आत चला."

"आत कशाला? तांदूळच ना?"

"तांदूळच."

बाबांनी मांडीवर थाप मारली. "ऐकलंस का रे बैला? तांदूळ निघाले, तांदूळ! नक्कल दे इकडे."

"आणली नाही. नक्कल पुरी मिळते, बाबा. शेवटच्या रकान्यासकट."

बाबांचा हात खाली आला. हाकणारा गप्प झाला तसा बैलही थांबला.

"नाव कुठे येणार नाही म्हणाला होता तेव्हाचा जमादार," बाबा पुटपुटले.

"बैला, सांग त्याला," दगडावरून काका म्हणाले. "नाव आलं. आणि त्याच रात्री मला वाचूनही दाखवलं. दोनदा."

"सांग त्याला, तीन दिवस माझं पाणी ओढलं होतं त्याने. ऐन उन्हाळ्यात. केळी करपली माझी."

"सांग, ओढलं. तीन दिवस ओढलं. म्हणून भावाला कोठडीत घालतात?"

मी बैलाला मधे न घेता सरळ काकांना विचारलं, "मग बेचाळीस कशाला सांगत फिरलात?"

"तांदूळ म्हटलं असतं तर तुझी आजी काय विचारती? टोपलीचा तळ पोलिसांना दाखवला कुणी? पत्रकं पोलीस आपणच हुडकत होते, त्यात कुणी कुणाला विचारत नसे. आठ दिवस आमच्याकडे आणि आठ दिवस तुमच्याकडे जेवायची ती. तुमच्याकडचे आठ दिवस तिने कुठे काढायचे होते?"

माझा चेहरा पाघळला असावा.

"रडू नकोस, मास्तर," काका म्हणाले. "तुझ्या बापासाठी केलेलं नाही. आणि वाट मी सरळ करणार म्हणजे करणार."

घंटा झाली. बाबा बाजूला झाले आणि काकांनी बैलाला हाक घातली.

चार दिवसांनी काकांनी मला कुंपणावरून बोलावलं. "मोडी येते तर साधं मराठीही येत असेल. पत्रक लिहून दे. बेचाळीसचं. सगळं घाल." नाही म्हणायला माझ्याकडे काय होतं? मी लिहिलं. पंधरा दिवसांची कोठडी घातली, लाठीमार घातला, भारतमाताही घातली.

संध्याकाळी बाबांनी तो कागद माझ्या हातातून ओढून घेतला. फाडणार, असं मला वाटलं. त्यांनी उजेडाशी धरून दोनदा वाचला.

"लाठी कुठल्या गुडघ्यावर लिहिलीस?"

"उजव्या."

"मूर्खा, तो डाव्याने लंगडतो. डावा लिही. कुणाला संशय आला तर?"

मी डावा लिहिला. काका निवडून आले. वाट सरळ झाली. त्या दोन ओळींवरचे घड बाबांनी आदल्या दिवशी स्वतः उतरवले, काकांच्या माणसांना कोयता लावू दिला नाही. दोघांचं बोलणं बैलामार्फतच चालू राहिलं. पुढे बैल म्हातारा होऊन गेला, तेव्हा ती जागा मला मिळाली. मॅट्रिकची अट नव्हती.