वाफेची झडप

सूनबाई सरकारी निरीक्षक आहे, कारखान्यांतले बॉयलर तपासते. काल तिचं ऑनलाइन प्रशिक्षण होतं. व्हिडिओ पुढे पळवता येत नाही, म्हणून आवाज बंद करून ती मेथी निवडत बसली.

“आई, संपला की सांगा हं. सर्टिफिकेट येतं.”

दिवसभर राबते बिचारी, तिला काय बोलणार? पण पडद्यावर वाफेची झडप कशी तपासायची ते दाखवत होते. तिचे सासरे गेले ते अशीच झडप अडकून, बॉयलर फुटला तेव्हा. कागदावर तीही तपासलेली होती. वाफेला कुठे कागद वाचता येतो?

मी आवाज मोठा केला.

“अहो आई, तुम्हाला काय कळणार त्यातलं?”

“नाही कळलं तरी ऐकते गं. यांच्या वेळी कुणीतरी ऐकायला हवं होतं.”

तिने मेथी बाजूला सारली, व्हिडिओ पहिल्यापासून लावला. दोघी बघत बसलो. किती साधं होतं हो ते! दहा मिनिटांचं काम.