एकेक करून बघू

आमच्या भावजींना बाजारात सगळे एकेकराव म्हणायचे. हे नाव त्यांच्या समोरच्या चष्मेवाल्याने ठेवलं होतं. मला सुचलं नाही याचं अजून वाईट वाटतं. कुणी बिघडलेला कॉम्प्युटर आणून टेबलावर ठेवला, की भावजी आधी आणणाऱ्या माणसाकडे बघत आणि म्हणत, “एकेक करून बघू.” माणूस घाईत असो, चिडलेला असो, त्याचं सगळं ऑफिस त्या डब्यात अडकलेलं असो, वाक्य तेच आणि सूरही तोच.

दुकान जिन्याखालचं होतं. उंच माणसाला आत शिरताना मान झुकवावी लागे, त्यामुळे आपल्याकडे सगळे नम्रपणे येतात, असं भावजी सांगत. आत एका बाजूला पत्रे काढलेले कॅबिनेट ओळीने उभे, स्क्रू बाटल्यांच्या झाकणांत वेगवेगळे, आणि हाताशी रंगाऱ्याचा एक ब्रश आणि एक खोडरबर. या दोन वस्तूंवर निम्मा धंदा चालतो म्हणायचे. ब्रशने पंख्यावरची धूळ झाडायची, खोडरबराने रॅमची सोनेरी कड पुसून ती परत खटकन बसवायची. मेलेली म्हणून आणलेली कितीतरी मशिनं एवढ्यावर उठून बसलेली मी स्वतः पाहिली आहेत.

त्यांचा क्रम ठरलेला असे. आधी तार, मग धूळ, मग रॅम, मग पॉवर सप्लाय, मग डिस्क. मदरबोर्डवर संशय सगळ्यात शेवटी घ्यायचा, कारण तिथे गेलं की परतीची वाट नसते. आणि या सगळ्याच्या वर एक नियम: एका वेळी एकच बदल. एक वस्तू बदलायची, मशीन लावून ठेवायचं आणि थांबायचं. दोन गोष्टी एकदम बदलणारा मेकॅनिक त्यांच्या लेखी आंधळी कोशिंबीर खेळणारा. मशीन सुरू होतं, पण कशामुळे सुरू झालं ते देवालाही कळत नाही, आणि पुन्हा बंद पडलं की सगळे पहिल्यापासून हात चोळत बसतात.

मी छापखान्यात पानं लावायचं काम करते आणि उरलेलं काम घरी आणते. माझा घरचा कॉम्प्युटर मध्यंतरी तासाभरात आपोआप बंद व्हायला लागला. मी वैतागून नवीन घ्यायचं ठरवलं होतं. भावजी आले, टेबल हातभर पुढे ओढलं आणि मागे बघून हसले. कॅबिनेटची पाठ जाड पडद्याला टेकली होती, गरम हवा बाहेर जायला जागाच नव्हती. “मेहुणीबाई, नवीन मीच विकला असता तुम्हाला,” ते म्हणाले. “पण पडदा तोच राहिला असता.” एवढं बोलून चहा पिऊन गेले, आणि पुढे वर्षभर मला चारचौघांत पडदेवाली म्हणत राहिले.

मशीनची ताकद वाढवून देतानाही हाच नियम. शेजारच्या कापडवाल्याला सगळंच नवीन हवं होतं, कारण त्याचा कॉम्प्युटर सुरू होईपर्यंत त्याची आंघोळ उरकायची. भावजींनी फक्त जुनी फिरणारी डिस्क काढून एसएसडी लावली आणि सांगितलं, थोडे दिवस वापरा, मग रॅम हवी का ते सांगा. कापडवाला परत आलाच नाही, त्याचं भागलं. ताई कपाळाला हात लावून म्हणाली, “यांनी दुकान नाही, धर्मशाळा उघडलीय.”

ताई म्हणजे माझी थोरली बहीण, भावजींची बायको. त्यांना मूलबाळ नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ती दिवसभर एकटी असे, आणि भावजी यायचे ते जेवायला आणि झोपायला. जेवतानाही डोक्यात कुणाचं तरी मशीन चालूच. ताई काही सांगत असली की हं हं करायचे, आणि मध्येच म्हणायचे, “कंडेन्सर फुगला असणार.” दिव्याखाली अंधार म्हणतात तो त्यांच्या घरात होता. घरचा कॉम्प्युटर गिऱ्हाइकांच्या काढून टाकलेल्या भागांचा, त्याचा पत्रा नाडीने बांधलेला. ताईने त्याची तक्रार करणं केव्हाच सोडलं होतं. बाकी कशाचीही तिने कधी केलेली मला आठवत नाही, आणि तिच्यावर माझा सगळ्यात जास्त राग होता तो याच कारणाने.

मग ताई थकायला लागली. जिना चढताना दर मजल्याला थांबायची, जेवण अर्ध्यावर सोडायची, चेहरा कागदासारखा दिसायचा. मी ते वयावर ढकललं. हे आधी कुणाच्या लक्षात आलं असेल तर ते भावजींच्या, आणि हे श्रेय त्यांचं त्यांना द्यायलाच हवं. एके दिवशी ते भर दुपारी दुकान बंद करून घरी आले, ताईच्या समोर खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, “एकेक करून बघू.” ताईने मला हे सांगितलं तेव्हा हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

पहिला संशय चष्म्यावर. समोरच्या चष्मेवाल्याकडून डोळे तपासून नवीन काचा बसवल्या आणि भावजी थांबले. मग उशी बदलली, आणि थांबले. मग चहा बंद केला. मग रात्रीचं जेवण संध्याकाळी सुरू केलं, आणि त्यासाठी स्वतः दुकान लवकर बंद करून घरी यायला लागले. मग पलंग खिडकीपाशी नेला, कारण आतल्या भिंतीला हवा नव्हती. दर वेळी नीट दिवस जाऊ द्यायचे आणि मग विचारायचे, फरक वाटतोय का? आणि दर वेळी ताई म्हणायची, “हो, थोडा वाटतोय.”

इथे सगळं फसलं. कॉम्प्युटर कुणाचं मन राखायला खोटं बोलत नाही. चालत नसेल तर चालत नाही. ताई आयुष्यभर लोकांची मनं राखत आली होती, आणि तिच्या “थोडा वाटतोय”वर विसंबून भावजी पुढच्या बदलाच्या तयारीला लागायचे.

मी जाऊन भांडले. एकदा नाही, जेव्हा जेव्हा गेले तेव्हा भांडले. रक्त तपासा, दवाखान्यात न्या, निदान एखाद्या डॉक्टरला दाखवा. भावजी ऐकून घ्यायचे. मग म्हणायचे, “हिला तिथं नेलं की पाच औषधं एकदम सुरू करतील. मग कशानं बरं वाटलं, कशानं बिघडलं, कसं कळणार?”

“भावजी, ती कॅबिनेट नाहीये.”

“म्हणून तर घाई करत नाहीये मी.”

मी ताईकडे बघितलं, म्हटलं ही तरी तोंड उघडेल. ती उलट माझ्यावरच डाफरली. म्हणाली, तू आमच्यात पडू नकोस, त्यांचं चाललंय ते चालू दे. नवरा-बायको एकीकडे आणि मी एकटी एकीकडे. पायात चपला सरकवून मी निघाले, आणि जिना उतरताना दोघांनाही शिव्या घातल्या.

शेवटी एका सकाळी मी तिच्याबरोबर बाजारातून परतत असताना ती दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसली ती उठेचना. ओठ पांढरे पडले होते. मी कुणाला विचारलं नाही. गाडी बोलावली आणि तिला थेट मोठ्या दवाखान्यात नेलं. भावजी मागून धावत आले तेव्हा त्यांच्या खिशाला स्क्रूड्रायव्हर तसाच अडकवलेला होता. तिथे रक्त काढणं, फोटो, सुया, नळी, सगळं एका वेळी चाललेलं. भावजी भांबावून डॉक्टरांना म्हणाले, “सगळं एकदम?” डॉक्टर वयाने लहान होते पण माणूस चांगला. ते म्हणाले, “आता एकदमच करावं लागेल, काका.”

आतड्यात गाठ होती. तिच्यातून आतल्या आत रक्त जात राहिलं होतं, आणि आता ती यकृतापर्यंत पोचली होती. नंतर मी एकटीनेच डॉक्टरांना गाठलं आणि विचारलं. ते म्हणाले, थकवा सुरू झाला तेव्हाच आणलं असतं तर कदाचित गाठ काढून टाकता आली असती. कदाचित, हा शब्द त्यांनी दोनदा वापरला. माझ्या कानात तो शिरलाच नाही.

मी वॉर्डात परत आले ती ठरवूनच. भावजी आले की त्यांना सांगायचं, तुम्ही माझ्या बहिणीला मारलंत. माझा चेहरा कुणालाही वाचता येतो, ताईला तर येतोच. तिने माझं मनगट धरलं. हातात जोर नव्हता, पण सोडवून घेणं मला जमलं नाही.

“त्यांना बोलू नकोस,” ती म्हणाली.

“का बोलू नको? उशा बदलत बसले ते.”

“मला माहीत होतं उशीनं काही होणार नाही.” मग ती थोडा वेळ दम खात पडून राहिली. “लग्न झाल्यापासून ते माझ्याकडे असं कधी बघत नव्हते ग. सकाळी डोळे उघडले की समोर बसलेले असायचे. मान कशी आहे, झोप लागली का, काय खावंसं वाटतंय. मी म्हटलं, बघू देत अजून थोडं. इथं आलं की ते संपलं असतं.”

माझा राग कुठे ठेवू ते मला कळेना. तिला एक मुस्काटात द्यावी असं वाटलं, आणि तिच्या कुशीत डोकं घालून रडावंसंही वाटलं. मी दुसरी गोष्ट केली.

ताई तिथून घरी आलीच नाही.

काही आठवड्यांनी भावजींनी दुकान उघडलं. रोज जाऊन बसत होते, पण ते वाक्य बंद झालं. चष्मेवाला माझ्या घरी येऊन सांगून गेला की, अहो, एकेकराव आता कॅबिनेटला हातच लावत नाहीत. कुणी काही आणलं की म्हणतात, मोठ्या दुकानात दाखवा, इथे वेळ घालवू नका. बाजारात कुणी त्यांना तोंडावर एकेकराव म्हणेनासंही झालं होतं. लोकांना कुणी सांगितलं नव्हतं, पण लोक एवढे मूर्ख नसतात.

मग एका रविवारी ते माझ्याकडे आले. मला वाटलं कॉम्प्युटर बघायला आले, मीच मागे कधीतरी तो अडखळतो म्हणाले होते. ते त्याच्याकडे फिरकलेही नाहीत. खुर्चीत बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

“तुम्ही डॉक्टरांशी एकट्या बोलला होतात,” ते म्हणाले. “लवकर नेलं असतं तर फरक पडला असता का?”

हाच प्रश्न त्यांच्या तोंडावर फेकायला मी किती दिवस टपून होते. उत्तरही माझ्याजवळ तयार होतं. समोर एक वाळलेला माणूस बसला होता, सदऱ्याची गुंडी चुकीच्या काजात घातलेली, आणि ते सांगायला आता घरात कुणी नव्हतं.

“नाही,” मी म्हटलं. “काही फरक पडला नसता.”

त्यांनी मान हलवली. “तीही असंच बोलायची. थोडं बरं वाटतंय म्हणायची. खोटं बोलताना तुम्ही दोघी बहिणी सारख्याच खाली बघता.”

मी वर बघितलं. “म्हणजे तुम्हाला कळत होतं?”

“उशीच्या वेळेपासून.”

“मग नेलं का नाहीत?”

त्यांनी सदऱ्याची ती गुंडी चाचपली. मग म्हणाले, “पुढचं नाव घ्यायची भीती वाटली. चष्मा, उशी, चहा, यातलं काहीतरी असेल असं म्हणत राहिलो. एकेक करत राहिलं की शेवटचं लांब राहतं.”

म्हणजे त्यांना माहीत होतं आणि तिलाही माहीत होतं. दोघं त्या दोन खोल्यांत समोरासमोर बसून रोज एकमेकांना विचारत होते आणि एकमेकांना फसवत होते. मग मी त्यांना ताईचं सगळं बोलणं सांगितलं. ते माझ्यापाशी ठेवून घेण्याचा मला काही अधिकार नव्हता. उशीने काही होणार नाही हे तिला ठाऊक होतं, तुम्ही समोर बसून बघत होतात म्हणून ती गप्प राहिली, एवढंच तिला हवं होतं, असं सगळं सांगितलं. माझ्या समजुतीप्रमाणे मी त्यांना हलकं करत होते.

भावजी रडले. मोठ्याने नाही, पण चेहरा झाकायचंही त्यांना सुचलं नाही.

“सांगायचं तरी,” ते म्हणाले. “ती बरी होती तेव्हाही बघितलं असतं मी.”

मी उठून त्यांना पाणी आणून दिलं. बघितलं नसतं, हे मला माहीत होतं, आणि ग्लास हातात घेताना त्यांनी ज्या नजरेने माझ्याकडे बघितलं, त्यावरून त्यांनाही माहीत होतं.